लाटांचा ताळेबंद

तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर कयाक भाड्याने घेण्याचा एक ठरलेला विधी आहे. घाटावरून आलेलं कुटुंब आधी दर विचारतं, दर ऐकून एकमेकांकडे बघतं, शंभर पावलं पुढे जाऊन दुसऱ्याला तोच दर विचारतं आणि पुन्हा पहिल्याकडे येतं. मग मोबाइलसाठी गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी विकत घेतली जाते. तिचा चिमटा तीन जण तीन वेळा दाबून बघतात. आत कागदाचा कपटा घालून ती बादलीत बुडवली जाते आणि कपटा कोरडा निघाल्यावरच मोबाइल आत जातो. घरातल्या सर्वांत महागड्या सदस्याची अशी चोख व्यवस्था लागली की होडीवाला उरलेल्या सदस्यांसाठी लाइफ जॅकेट पुढे करतो आणि खऱ्या वाटाघाटी सुरू होतात. ‘घालायलाच पाहिजे का?’ ‘घालूकच व्हया, साहेब.’ ‘पण मला पोहता येतं.’ ‘खंय शिकलात?’ ‘आमच्या विहिरीत.’ होडीवाला यावर काही बोलत नाही. तो एकदा साहेबांकडे आणि एकदा समुद्राकडे बघतो आणि जॅकेट तसंच पुढे धरून उभा राहतो. शेवटी साहेब ते अंगात चढवतात, पण बकल लावत नाहीत, कारण बकल लावलं की पोट दिसतं. फोटो होतो. फोटो झाल्यावर जॅकेट निघतं आणि बुडाखाली जातं. कयाकचं प्लॅस्टिक उन्हाने तापलेलं असतं आणि जॅकेटातला फोम चांगला जाड असतो.

या सगळ्या मंडळींना समुद्रावर जाण्याआधी दोन दिवस हिवरे बाजारला पाठवावं, असं प्रस्तुत लेखकाचं नम्र म्हणणं आहे. लेखक स्वतः घाटावरचाच, आणि समुद्राचा त्याचा अभ्यास मुख्यतः सुरमईमार्फत झालेला, तेव्हा त्याचं म्हणणं तपासून घ्यायचा हक्क वाचकांना आहेच. हिवरे बाजार अहिल्यानगर शहरापासून सतराएक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. तिकडे सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पडतो आणि लोक ‘यंदा जरा कमीच’ म्हणतात. मुंबईचा समुद्र रस्त्याने अडीचशेक किलोमीटर लांब, आणि मध्ये सह्याद्री आडवा. या गावात कोणी हौसेने कयाक आणलीच, तर पहिल्या आठवड्यात तिची गव्हाण होईल आणि दुसऱ्या आठवड्यात गावातल्या दुसऱ्या गाईंनाही तशीच गव्हाण हवी असेल. तरीही समुद्रातलं वल्हं, जॅकेट आणि लाट यांची पहिली शिकवणी इथेच लावावी. कारण समुद्रात माणूस बुडतो तो बहुधा पाणी जास्त असल्यामुळे नाही, त्याने पाण्याचा हिशेब केलेला नसल्यामुळे. आणि पाण्याचा हिशेब पाण्यात उतरण्याआधी करायचा असतो, हे महाराष्ट्रात या गावाइतकं कोणाला पटलेलं दिसत नाही.

हिवरे बाजारच्या कीर्तीचा पाया हिरव्या डोंगरात नसून वहीत आहे. १९७२च्या दुष्काळाने मोडलेलं हे गाव नंतर दारू, भांडणं आणि स्थलांतर यांसाठी प्रसिद्ध होतं. सरकारी नोकराची इथे बदली झाली की घरचे त्याची समजूत घालत. १९८९-९०मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली. त्यातल्या चार गोष्टी बंदीच्या आणि पाचवी फुकट काम करायची. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात असा मजकूर छापायची हिंमत महाराष्ट्रात दुसरा कोणी करणार नाही. पण खरी गंमत पाण्याच्या ताळेबंदाची. गावाचं क्षेत्र साधारण ९७७ हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. तेव्हा १०० मिलिमीटर पाऊस झाला की शिवारात जवळपास ९८ कोटी लिटर पाणी आलं, हा गुणाकार तिसरीतल्या पोरालाही जमावा. मग त्यातलं वाहून किती गेलं, वाफ किती झाली, मुरलं किती, विहिरींची पातळी कुठे आहे, हे मांडून ग्रामसभा बसते. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी बाजूला निघतं, उरल्या पाण्यात पिकं ठरतात. पाऊस कमी असेल तर जास्त पाणी पिणारी पिकं त्या वर्षी रजेवर. ऊस आणि केळी नकोच, शेतीसाठी बोअर नकोच. लक्षात घ्या, हा जिल्हा प्रवरानगरचा आहे. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५०च्या सुमारास इथे सुरू झाला आणि तेव्हापासून इथे उसाला नाही म्हणणं हे राजकीय संन्यास घेण्याइतकं गंभीर मानलं जातं. तिथे एका गावाने वही उघडून शांतपणे सांगितलं, ‘एवढं पाणी नाही.’ समुद्राच्या काठावर उभं राहून ‘आज जायचं नाही’ म्हणायला लागते ती हिंमत याच जातीची.

हे शिकायला महाराष्ट्रातून माणसं येतात, बसगाड्या भरभरून येतात, आणि इथेच एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. अभ्यास दौरा हा आपला जुना राष्ट्रीय छंद. एखाद्या ग्रामपंचायतीची मंडळी सकाळी येतात, सलग समतल चर पाहून ‘चर छान आहेत’ म्हणतात, बंधाऱ्यापाशी फोटो काढतात, जेवणाची चौकशी करतात. ताळेबंदाचा विषय निघाला की मागच्या रांगेतून हळूच आवाज येतो, ‘शिंगणापूरला किती वाजता पोचू?’ ‘दर्शन करून शिर्डीला मुक्काम.’ ‘मग उरका.’ गावी परतल्यावर अहवालात लिहिलं जातं की हिवरे बाजारला पाणी आहे. पाणी कसं आहे हे अहवालात नसतं, कारण ते आकड्यांत होतं आणि आकड्यांच्या वेळी मंडळी चपला शोधत होती. किनाऱ्यावरही हाच अभ्यास चालतो. कयाक चालवणारा दिसतो, त्याचं वल्हं दिसतं, फेस उडताना दिसतो. तो सकाळी सहाला का निघाला आणि दहाच्या आत परत का आला, हे दिसत नाही. आपण दोन्हीकडून फोटो घेऊन येतो आणि हिशेब तिथेच ठेवून येतो.

आता वल्ह्याकडे वळू, कारण ‘त्यात काय, हलवलं की झालं’ असं ज्याच्याबद्दल सर्रास बोललं जातं ते हेच. समुद्री कयाकचं वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं, साधारण २१० ते २३० सेंटिमीटर लांब. पात्याची एक बाजू किंचित खोलगट असते, ती आपल्याकडे हवी. पातं वरून लांब आणि खालून आखूड असेल तर लांब कड वर हवी. नवखा माणूस हे सगळं उलटं धरतो आणि तरीही कयाक पुढे जाते, ही या खेळातली सर्वांत मोठी दुर्दैवाची गोष्ट. उलटं धरल्याबरोबर ती जागीच थांबली असती तर सगळे पाच मिनिटांत शिकले असते. दुसरी समजूत अशी की वल्हवणं हे दंडाचं काम. वास्तविक जोर कमरेच्या वरचं अंग वळवण्यातून येतो, पाय आतल्या टेकूंवर रोवलेले असतात आणि हात फक्त निरोप पोचवतात. पण व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाला हे सांगून पाहा. तो दंडाकडे बघतो, आपल्याकडे बघतो आणि पंधरा मिनिटांत खांदे धरून परत येतो. वजनाचंही तसंच. मिनिटाला पन्नास फटके धरले तर तासाला तीन हजार होतात. ॲल्युमिनियमच्या दांड्याचं स्वस्त वल्हं चांगल्या कार्बन फायबरच्या वल्ह्यापेक्षा दोनशे-तीनशे ग्रॅमने सहज जड असतं. कमीत कमी दोनशेच धरा, तासाभरात कागदावर सहाशे किलो जास्तीचे उचलले गेले. बारा हजार लिटरचा टँकर गावाला किती दिवस पुरेल हे जिथे बोटांवर काढलं जायचं, तिथल्या माणसाला हा गुणाकार दोनदा सांगावा लागणार नाही. शिवाय वल्हं हातातून सुटलं की वारा ते घेऊन जातो, आणि वारा वस्तू परत आणून देत नाही. म्हणून मोकळ्या पाण्यात ते दोरीने बांधायचं, लाटा फुटतात त्या पट्ट्यात मात्र तीच दोरी अंगाभोवती गुंडाळू शकते म्हणून सोडायची, आणि लांबच्या फेरीला डेकवर दुसरं वल्हं ठेवायचं. ‘दुसरं कशाला?’ असा प्रश्न पडणाऱ्याने स्वतःच्या मोबाइलचे किती चार्जर घरात, गाडीत आणि ऑफिसात आहेत ते मोजावं.

जॅकेटच्या बाबतीत मुख्य आक्षेप ‘मला पोहता येतं’ हा, आणि त्याला मान देऊन उत्तर द्यायला हवं, कारण अनेकांना खरंच येतं. विहिरीत सुळकी मारून तळाचा गाळ मुठीत आणणारी माणसं अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगाव आहेत. प्रश्न पोहण्याचा नाही, वेळेचा आहे. कयाकची कड कपाळावर आदळली, पेटका आला, तोंडात दोन घोट खारं पाणी गेलं आणि श्वास चुकला, की पोहण्याची विद्या नेमकी त्याच क्षणी रजेवर जाते. जॅकेट रजेवर जात नाही. वल्हवताना घालायचं साधं जॅकेट मोठ्या माणसाला ५० न्यूटन, म्हणजे सुमारे पाच किलोची उचल देतं. ‘माझं वजन पंच्याऐंशी, पाच किलोने काय होणार?’ हा दुसरा आक्षेप. माणसाचं शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतंच, शुद्धीवर असेल तर नाकतोंड पाण्याच्या वर ठेवायला थोडीच उचल कमी पडते आणि ती हे पाच किलो भरून काढतात. मात्र जॅकेट अंगावर नीट बसलेलं हवं. सगळे पट्टे आवळून झाले की दुसऱ्याने मागे उभं राहून जॅकेटचे खांदे वर ओढायचे. जॅकेट कानांपर्यंत आलं तर पाण्यात तेच होणार: ते वर तरंगेल आणि साहेब खाली. ही चाचणी फुकट आहे, दहा सेकंदांची आहे आणि नवराबायकोने एकमेकांची घ्यायला उत्तम. ‘कान दिसत नाहीत तुमचे.’ ‘तू जरा जास्तच जोरात ओढलंस.’ ‘समुद्र हळू ओढतो असं कुठे लिहिलंय?’ जॅकेटला शिट्टीही असते. ती पोरांनी किनाऱ्यावर वाजवून होडीवाल्याचं डोकं उठवायला दिलेली नसून तीन वेळा वाजवली की ‘मदत हवी’ असा अर्थ होतो. वाऱ्यात माणसाचा आवाज फार लांब जात नाही, मग तो माणूस सोसायटीच्या सभेत कितीही ऐकू येत असो.

खऱ्या समुद्री कयाकचा थाट आणखी वेगळा. ती पाच मीटरच्या आसपास लांब, निमुळती, आत पाय सरळ घालून बसायची. लाटांचं पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती एक झालर बांधून तिची कड बैठकीच्या भोकावर ताणून बसवतात. तिला स्प्रे स्कर्ट म्हणतात. हे नाव ऐकताच पुरुषमंडळींत चुळबुळ सुरू होते. ‘म्हणजे मी स्कर्ट घालायचा?’ त्यांना कोणी सांगत नाही की झालर न घालता लाटेत गेल्यास कयाकमध्ये शेकडो लिटर पाणी शिरतं आणि मग घालायला काहीच उरत नाही. या झालरीच्या पुढच्या टोकाला एक कडी असते. उलटल्यावर ती ओढली की झालर सुटते आणि माणूस बाहेर येतो. निघण्याआधी ती कडी बाहेर राहिली आहे ना, एवढं बघायचं असतं. एवढंच. मग पाणी उपसायचा हातपंप आणि वल्ह्याच्या पात्यावर चढवायचा फुगा असतो. उलटलेली कयाक सरळ केल्यावर त्या फुग्याच्या आधाराने पुन्हा आत चढता येतं. ही सगळी सामग्री विकत घेऊन बांधून ठेवणारे आणि उथळ पाण्यात एकदाही उलटून न पाहिलेले हौशी लोक बरेच. त्यांच्या फुग्याची किमतीची चिठ्ठी अजून लोंबत असते. बंधारा बांधला आणि उद्घाटनानंतर त्याच्या फळ्या टाकायला कोणी गेलंच नाही, असं महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी घडलेलं आहे. सामग्री असणं आणि सामग्री कामाला लागणं यांतल्या अंतरात आपली बरीचशी विकासकामं राहतात.

आता प्रत्यक्ष लाट. घाटावरचा माणूस समुद्राला एकच प्रश्न विचारतो, ‘किती खोल आहे?’ आणि ‘छातीएवढं’ ऐकलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. इथे हिशेब साफ उलटा आहे. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वा-दीडपट खोलीच्या पाण्यात येऊन फुटते, म्हणजे मीटरभर उंचीची लाट नेमकी छातीएवढ्या पाण्यात फुटणार. तो ज्याला सुरक्षित समजतो तोच पट्टा कुस्तीचा आखाडा. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनाहून जड असतं, आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ताकद चौपट होते. ‘कालच्यापेक्षा थोडीच मोठी आहे’ म्हणणाऱ्याने वर्ग करायला शिकावं. लाटेशी वागायचे नियम मोजके, पण माणसाच्या स्वभावाच्या बरोबर विरुद्ध. लाट समोरून घ्यायची, तिला पाठ किंवा कूस द्यायची नाही. फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात थांबून विचार करायचा नाही, वल्हवत राहायचं. आणि कडेने लाट आलीच तर तिच्यापासून लांब नाही, तिच्याकडे झुकायचं, वल्ह्याचं पातं तिच्या अंगावर टेकवून. ‘जी मारायला आली तिच्याकडेच झुकायचं?’ हो. लांब झुकलं की लाट कयाकची वरची कड उचलते आणि तुमचंच वजन तिला मदत करतं. उलटलातच, तर कयाक आणि किनारा यांच्यामध्ये उभं राहायचं नाही, कारण पाण्याने भरलेली कयाक पुढच्या लाटेबरोबर थेट तुमच्या गुडघ्यावर येते. पण पडल्यावर आपण पहिली धाव घेतो ती किनाऱ्याकडे, म्हणजे नेमकी त्याच जागी, आणि तिथे उभं राहून ‘मी ठीक आहे’ असा हात हलवतो.

लाटेच्या आधी वारा मोजायचा असतो, आणि वाऱ्याआधी घड्याळ. हिवाळ्या-उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई वारा वाहतो, आणि ऊन चढलं की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारी जोर धरतो. शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पाच गुणांसाठी. प्रत्यक्षात कुटुंब आठला उठतं, नऊला आंबोळ्या खातं, दहाला दुसऱ्यांदा आंबोळ्या खातं आणि साडेअकराला, म्हणजे खाऱ्या वाऱ्याशी भेटीची वेळ ठरवल्यासारखं, वाळूवर हजर होतं. किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणारा वारा तर आणखी फसवा. काठाजवळ पाणी शांत दिसतं, जाताना वेग छान वाटतो, कौतुक होतं, आणि परत वळल्यावर कळतं की ते कौतुक वाऱ्याचं होतं. भरतीचं गणितही जुनं आणि स्वस्त आहे. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती लहान. वास्तुशांतीपासून गाडीखरेदीपर्यंत प्रत्येक कामाला आपण पंचांग काढतो. ज्या एका ठिकाणी तिथीचा भौतिकशास्त्राशी सरळ संबंध आहे तिथे मात्र ते बॅगेच्या तळाशी राहतं.

यावर विद्वान वाचकांचे आक्षेप येणार. पहिला: ज्यांनी टँकरच्या रांगा पाहिल्या त्यांनी सागरावर व्याख्यानं का द्यावीत? कारण ज्याच्याकडे पाणी थोडं असतं तो मोजायला शिकतो, आणि ज्याच्यासमोर अथांग असतं तो अंदाज बांधतो. बुडण्याच्या कामाला अंदाज पुरतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ‘आमचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जातात, ते कुठे जॅकेट घालतात?’ घातलं तर त्यांचंही भलंच होईल, हे आधी सांगू. पण त्यांचं अनुकरण करायचंच तर पूर्ण करावं. तो माणूस तिथी, वारा आणि पाण्याचा रंग लहानपणापासून वाचतो; आपला अभ्यास नाश्त्यानंतर सुरू झालेला. शिवाय तोच मच्छीमार १ जून ते ३१ जुलै बंदी पाळून होडी वाळूवर ओढून ठेवतो आणि नारळीपौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्राशी नव्याने व्यवहार सुरू करतो. सिंधुदुर्गातल्या जलक्रीडाही मे संपता संपता थांबतात त्या ऑगस्टअखेरपर्यंत. जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘एक चक्कर मारून आणा की, डबल पैसे देतो’ म्हणणारा मच्छीमार नसतो. तो नेमका कुठून आलेला असतो, हे सांगायला त्याच्या गाडीची नंबरप्लेट पुरेशी आहे, आणि अहिल्यानगरची एम. एच. सोळा त्यात नसेलच असं नाही.

तिसरा आक्षेप रसिकांचा: एवढे आकडे आणि बंद्या, मग मजा कुठे राहिली? हाच आक्षेप हिवरे बाजारलाही घेता आला असता. चराई बंद, कुऱ्हाड बंद, बोअर बंद, ऊस बंद. कागदावर हे गाव म्हणजे निव्वळ वैताग. पण १९९५मध्ये तिथल्या १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती आणि पुढे ती संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. बाहेर गेलेली माणसं परत आली. मजा गेली असती तर परत कशाला आली असती? धाडसाचंही तसंच. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५च्या हिवाळ्यात द्वारकेहून निघून कयाकने कन्याकुमारी गाठली, ३,००० किलोमीटरहून जास्त, आणि त्यांच्या सोबतीला शांजली शाही किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर. एवढं अंतर छाती फुगवून कापता येत नाही. तिथे रोजचा वारा, रोजची भरती आणि उतरायची जागा ठरवूनच वल्हं पाण्यात घालावं लागतं. हिशेबाने धाडस कमी होत नाही, फक्त दुसऱ्या दिवशीही करता येतं. राहिला शेवटचा आक्षेप: ‘सक्ती केली तर घालू.’ सक्ती आपल्याकडे नेहमी उशिरा येते. डिसेंबर २०२४मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीचा अपघात झाला, माणसं गेली, आणि त्यानंतर गेटवेवर जॅकेट सक्तीचं झालं. त्या सक्तीवर विनोद करण्यासारखं काही नाही. हिवरे बाजारची सक्ती दुष्काळ पडण्याआधी ग्रामसभेत हात वर करून ठरते आणि सरपंचालाही लागू होते, एवढाच फरक आहे. कुटुंबातही अशी ग्रामसभा वाळूवर पाच मिनिटं भरवता येईल. कोरम पूर्ण असतो, विषय एकच असतो, आणि वडिलांना नकाराधिकार नसतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या सुट्टीत कयाक भाड्याने घेण्याआधी दरासोबत चार आकडे विचारा: वाऱ्याचा जोर किती आणि दिशा कोणती, भरती किती वाजता, लाट किती उंच, आणि आपण परत किती वाजता यायचं. शेवटचा आकडा किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणाला तरी सांगून जा, आणि तो माणूस झोपाळू नसेल असं बघा. चारपैकी एका जरी प्रश्नाला ‘बघू, गेल्यावर कळेल’ असं उत्तर मिळालं, तर त्या दिवशी जाऊ नका. सोलकढी प्या, वाळूत किल्ला करा, रापण ओढणाऱ्यांना हात लावा. कमी पावसाच्या वर्षी हिवरे बाजारने रब्बीला हात आखडता घेतला, म्हणून गाव काही उपाशी राहिलं नाही.